भूत घाबरवणारंच हवं, तरी घरच्यांनी मिळून हसत बघावा असा ॲनिमेशनपट पुण्यात करतोय. मतं हवीत

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जणांनी पुण्यात पूर्ण लांबीचा मराठी ॲनिमेशनपट करायला घेतलाय. भुताचा आहे आणि विनोदी आहे. आजी, आई-बाबा आणि आठ-दहा वर्षांचं पोर एका रांगेत बसून बघतील असा करायचाय. आमच्यातले तिघं बरीच वर्षं परदेशी मालिकांचं ॲनिमेशन करतात, त्यामुळे हात बसलेला आहे. आपल्या भाषेतली, आपल्या गावातली गोष्ट मात्र पहिल्यांदाच हातात घेतोय.

गोष्ट थोडक्यात सांगतो. जुई दहा वर्षांची. कसबा पेठेत तांबट आळीत आबा, आई-बाबा आणि आत्या यांच्याबरोबर राहते. मेट्रोसाठी जमिनीखाली खोदकाम चालू असताना पेशवाईतल्या पाण्याच्या भुयारी नळाला भगदाड पडतं. हा प्रसंग हवेतला नाही. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जुनं भुयार खरंच सापडलं होतं. आमच्या गोष्टीत त्या नळात पावणेतीनशे वर्षं एक गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, राहतोय. नळ फुटल्यावर त्याची जागा गेली. मग तो या टाकीतून त्या टाकीत, या हौदातून त्या हौदात आसरा शोधत फिरतो आणि जुईच्या घराच्या चौकात वरून झाकून बंद केलेल्या हौदात मुक्काम करतो.

अडलंय ते इथे. पैसे घालायला तयार असलेल्या एका गृहस्थांचं म्हणणं आहे की भूत गोंडस करा, मोठे डोळे, गोल पोट, म्हणजे मुलं घाबरणार नाहीत. मला हे मुळातच पटत नाही. भूत भीती वाटेल असंच हवं आणि हसू घरातल्या माणसांच्या वागण्यातून यायला हवं. भूतच विदूषक झालं की गोष्टीतला धोका जातो, आणि धोका गेला की विनोदालाही काही टेकू राहत नाही.

एक प्रसंग सांगतो. मोरीत आत्या पाठमोरी उभी राहून ओरडतेय की नळ कोणी उघडा टाकला, पाणी काय फुकट येतं का. तिच्या मागे पिंपाच्या कडेवर चार बोटं येतात. लांब, पांढुरकी, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली. आत्या न बघता तोटी बंद करते, पिंपावर झाकण आपटते आणि निघून जाते. बोटं झाकणाखाली. आतून एक बारीक "आं".

यात आत्या गंभीर आहे आणि गिऱ्हाही गंभीर आहे. कोणीच विनोद करत नाहीये. असं अख्ख्या चित्रपटात साधेल का? मुलांना कितपत घाबरवावं? भूत पूर्ण कधी दाखवावं? मोकळेपणानं बोला.

चिवचिव

पहिल्यांदाच इथे लिहितेय, कारण विषय अगदी घरातला आहे. माझा मुलगा सात वर्षांचा. थिएटरात भीतीचा प्रसंग आला की तो डोळे मिटत नाही, कानांवर हात ठेवतो! हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. चित्र कितीही भयंकर असू दे, तो बोटांच्या फटीतून बघत राहतो. एकदम मोठा आवाज आला की मात्र संपलं, बाहेर चला.

दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दादा. दचकायला गोष्ट लागतच नाही, कोणी मागून ताट पाडलं तरी आपण दचकतो. त्यात मजा नाही, नुसता त्रास आहे. तुमच्या पिंपातल्या बोटांना मोठा ढँण् लावू नका, एवढी एक आई म्हणून विनंती.

शाई-दौत

रात्रपाळी, तुम्ही विचारताय की साधेल का. मराठी बालरंगभूमीनं हे केव्हाच साधलंय. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आठवा. दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चिंची. पुढे २०१८ साली नाटक परत आलं तेव्हाही प्रेक्षागृहात तेच व्हायचं. चेटकीण मागून येते आणि सगळी पोरं जिवाच्या आकांतानं ओरडून रंगमंचावरच्या पात्राला सावध करतात. घाबरलेली असतात आणि त्याच वेळी खूश असतात, कारण पात्राला माहीत नसलेलं त्यांना माहीत असतं.

तुमच्या आत्याच्या प्रसंगात नेमकं हेच आहे. प्रेक्षकाला बोटं दिसतात, आत्याला दिसत नाहीत. मुलाला जास्त माहिती द्या, मोठ्यांना कमी. मूल मग नुसतं घाबरून बसत नाही, त्याला काम मिळतं.

आणि मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथाही लिहिल्या, हे विसरू नका. ज्याला खरी भीती लिहिता येते त्यानंच मुलांसाठी चेटकीण लिहिली, म्हणून ती चेटकीण पुचाट झाली नाही.

वाचनमात्र

माझं मत थोडं वेगळं आहे. मी दोन नातवंडांची आजी आहे. रात्री एक वाजता "आजी, मोरीत कोणीतरी आहे" म्हणून उठवणाऱ्या पोराला घेऊन मोरीत दिवा लावून दाखवायला मीच जाते. तुम्हाला कला वाटते, आम्हाला रात्र काढायची असते. गोंडस भुतात वाईट काय आहे? हसलं की झालं. शिवाय मोरी, पिंप, टाकी या रोजच्या वापरातल्या जागा. मूल आंघोळीला जायचं थांबेल, याचाही विचार करा.

रात्रपाळी

चिवचिव ताई, आवाजाचा मुद्दा लिहून घेतला. मोठा दणका कुठेही नसेल, शब्द देतो.

शाई-दौत, नाटकाकडे अशा नजरेनं बघितलं नव्हतं. धन्यवाद.

वाचनमात्र काकू, तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण मला वाटतं मूल रात्री उठतं ते भीती दाखवली म्हणून नाही, ती अर्धवट सोडली म्हणून. पिंपात कोण होतं, त्याला काय हवं होतं, त्याचं पुढे काय झालं, हे चित्रपट संपेपर्यंत मुलाला पक्कं कळलं पाहिजे. हात कोणाचा ते कळलं की पिंप परत पिंप होतं. गोंडस भुताची अडचण अशी की त्याच्यासमोर जुईला धीर धरावाच लागत नाही. आणि मला ती धीर धरताना दाखवायचीय.

जुनीपेठ

उत्तम विषय. काही गोष्टी आधीच सांगतो.

पहिली म्हणजे कृपा करून शनिवारवाड्यातली हाक आणू नका. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव मारले गेले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. एका पोरसवदा माणसाचा खून हा विनोदी चित्रपटाचा मसाला नव्हे. दर अमावास्येला तीच ऐकीव गोष्ट फिरत असते, तुम्ही तरी टाळा. तसंच पुणेरी पाट्या आणि दुपारची झोप. पुणे म्हटलं की हे दोन विनोद येतात आणि पुणं त्यातच संपतं.

आता नळाबद्दल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ आणला. हल्लीच्या पाइपासारखा नाही, आत माणूस चालू शकेल एवढं भुयार. वाटेत ठरावीक अंतरावर वर उघडणारे उभे दगडी मनोरे, त्यांना उच्छ्वास म्हणतात. हवा खेळती राहायची, साफसफाईला उतरता यायचं. गाळ बसावा म्हणून टप्प्यात टाक्या. सगळं पाणी उतारावर वाहत आलेलं, पंप नाही काही नाही. पुढे पेठांमधले हौद.

तुमचं भूत उच्छ्वासातून बाहेर डोकावू द्या. रस्त्याकडेला तो दगडी मनोरा दिसतो आणि हजारो लोक काय आहे हे न कळता शेजारून जातात. आणि वाड्याच्या सामानासाठी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चार दिवस घालवा. लामणदिवे, अडकित्ते, कुलपं, कोरीव दरवाजे, सगळं बघायला मिळतं. कुलूप नुसतं 'जुनं' काढू नका, कोणत्या घाटाचं ते ठरवून काढा.

वेंगुर्लेकर

गिऱ्हा निवडलात हे वाचून आनंद झाला. हल्ली सगळ्यांना मुंज्याच हवा असतो, आणि २०२४ च्या हिंदी चित्रपटानंतर तर तो सगळीकडे पोचला. आपल्याकडे हडळ, खवीस, समंध, झोटिंग, देवचार, हाकामारी अशी केवढी मंडळी पडून आहेत, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

आमच्या घरी गिऱ्ह्याचं असं सांगत की त्याचा केस तुमच्या हाती लागला तर तो तुमचा चाकर होतो, सांगाल ते काम करतो. पण केस नीट लपवून ठेवायचा. त्याला परत सापडला की गेला. मला वाटतं या नियमात तुमचा अर्धा चित्रपट आहे. मोरीच्या जाळीत अडकलेला लांब केस आत्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकते. तिला माहीतच नाही की आता तिला चाकर मिळालाय. ती रागानं म्हणते, "या घरात एक माणूस काम करेल तर शपथ." आणि सकाळी घरातली सगळी तांब्याची भांडी लखलखीत घासलेली, पण चौकभर ओल्या पावलांचे ठसे.

भुताला नियम असला की मुलं त्यावर घरी येऊन वाद घालतात. नियम नसला की नुसतंच काहीही होतं.

अवांतर: चकवा नक्की घ्या. तो कधी दिसत नाही, फक्त वाट चुकवतो.

रात्रपाळी

केसाचा नियम घेतोय! आमच्या पटकथेत गिऱ्हा घरच्यांचं ऐकायला का लागतो याचं ठोस कारण सापडत नव्हतं.

जुनीपेठ काका, शनिवारवाडा नाही. नळ त्याच्या दिशेनं जातो, एवढाच संबंध. पाट्याही नाहीत.

चकव्याचा एक प्रसंग आधीच रेखाटलाय, तो लिहितो. रात्री उशिरा बाबा आणि जुई स्कूटरवरून घरी येतायत. फडके हौद चौक. कोपऱ्यावर बंद दुकान, पिवळा दिवा, पायरीवर झोपलेलं कुत्रं. दोन वळणं घेतात आणि परत तोच चौक. जुई म्हणते, "बाबा, कोणाला तरी विचारा ना." बाबा म्हणतात, "जन्म गेला माझा कसब्यात, मी कोणाला विचारू?" परत दोन वळणं, परत तोच चौक. आता कुत्रं जागं आहे. बाबा म्हणतात, "कुठेतरी खोदकाम असणार, वळवलं असणार." तिसऱ्या वेळी कुत्रं उभं आहे आणि ते स्कूटरकडे बघत नाहीये. जुईच्या मागे, सीटच्या रिकाम्या भागाकडे बघतंय. बाबांचं पत्ता न विचारण्याचं तत्त्वज्ञान चालूच.

कॅमेरा एकदाही हलत नाही. प्रत्येक फेरीला चौकट तीच, फक्त कुत्रं बदलतं.

फ्रेममोजणी

मी या धंद्यात आहे. आधी तुमचं मन मोडतो, मग जोडतो.

७५ मिनिटांचा चित्रपट म्हणजे ४,५०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,०८,००० फ्रेम. द्विमितीय काम करून एक चित्र दोन फ्रेमना वापरलंत तरी ५४,००० चित्रं. एका ॲनिमेटरनं आठवड्याला दहा सेकंद चांगलं काम दिलं असं धरू. ४५० आठवडे. पाच जण असाल तर ९०. आणि तेही पाचही जण दुसरं काही न करता. त्रिमितीय करणार असाल तर रेंडर, म्हणजे संगणकानं प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणं. फ्रेमला दहा मिनिटं धरली तर एका यंत्रावर १८,००० तास, म्हणजे ७५० दिवस.

आता जोडतो. दहा मिनिटं धरायची गरज नाही. लाटव्हियाच्या एका दिग्दर्शकाचा मांजरावरचा 'फ्लो' फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे, त्याच्याच ईव्ही रेंडररवर, आणि २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. चकाचक पोत सोडून द्या, प्रकाश आणि आकार यांवर भर द्या. भुताच्या चित्रपटाला तर अंधार हवाच असतो. जे अंधारात आहे ते काढावं लागत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ॲनिमॅटिक. साध्या चित्रपटात आधी चित्रीकरण आणि मग संकलन. आपल्याकडे उलटं. स्टोरीबोर्डची चित्रं ओळीनं लावायची, कच्चे आवाज टाकायचे आणि अख्खा चित्रपट आधीच बसवून बघायचा. इथे हसू आलं नाही तर पुढे रंग भरून येत नाही. इथे भीती वाटली नाही तर पुढे धूर सोडून वाटत नाही.

तुमची आत्याच घ्या. ती मान वळवते आणि बोटं पिंपात जातात. या दोहोंमध्ये सहा फ्रेम ठेवल्या तर लोक हसतील. अठरा ठेवल्या तर श्वास रोखतील. फरक अर्ध्या सेकंदाचा. कोणत्या वेळी काय हवंय ते तुम्ही ठरवायचं, आणि ते ॲनिमॅटिक लोकांना दाखवूनच कळतं. आपल्या टीममधल्या लोकांना नाही, ज्यांना गोष्ट माहीत नाही अशांना. वाचनमात्र काकूंच्या नातवंडांना बोलवा.

वाचनमात्र

बोलवा, आणते. पण मी शेजारी बसणार.

मंडईपलीकडे

मला एक प्रश्न विचारायचाय आणि तो महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा गिऱ्हा कोण होता? म्हणजे मरण्याआधी?

तुम्ही पाण्यावर चित्रपट करताय आणि पुण्याच्या हौदांवर करताय. हे हौद सगळ्यांचे नव्हते. कोणी पाणी भरायचं आणि कोणी लांब उभं राहायचं हे ठरलेलं होतं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही गोष्ट एवढी मोठी का मानतात? कारण बाकीचे बंद होते.

मग या नळात उतरून गाळ काढणारा एखादा माणूस कल्पा. त्याच्या हातून पाणी अख्ख्या शहराला जातं आणि वर आल्यावर त्याला त्याच हौदाला हात लावता येत नाही. तो आत बुडून मेला. तुमचा गिऱ्हा तो असेल तर हौदाहौदातून आसरा मागत फिरण्याला अर्थ येतो. तो कोणाला बुडवायला आलेला नाही. त्याला कोणीतरी "पाणी घे" म्हणावं एवढंच हवंय. आत्या पिंपावर झाकण आपटते तेव्हा आज प्रेक्षक हसतील. तासाभरानं तेच झाकण आठवेल तेव्हा हसू येणार नाही. मला असा चित्रपट माझ्या पोरांबरोबर बघायचाय.

आणखी एक. भुताला गावरान बोली देऊन हशा काढू नका. मराठीत ही वाईट खोड आहे. आणि जुईचं घर तांबट आळीत ठेवलंत हे फार बरं केलंत. भुतं म्हटली की दोन चौकी वाडा आणि सोवळ्यातली आजी, याच्या पलीकडे कोणी जात नाही.

शाई-दौत

मंडईपलीकडे, प्रतिसाद दोनदा वाचला. +१.

एकच काळजी. शेवटच्या वीस मिनिटांत चित्रपट भाषण द्यायला लागू नये. मुलं भाषण ओळखतात आणि उठून पॉपकॉर्नला जातात.

जुनीपेठ

मंडईपलीकडे यांचा मुद्दा रास्त आहे. नळाचा इतिहास सांगताना आम्ही नेहमी बांधणाऱ्याचं नाव सांगतो, उतरणाऱ्याचं सांगत नाही. मीही वर तेच केलं का, हे परत वाचतोय.

शाई-दौत यांच्या काळजीवर सुचवतो. गंज पेठेतला हौद एकाच चौकटीत दाखवा. कोणी काही बोलू नये. गिऱ्हा शहरभर सगळ्या हौदांपाशी दबकत जातो, या एका हौदापाशी मात्र सरळ उभा राहतो. जुईला ते दिसतं. ती विचारेल किंवा नाही विचारणार. ज्या मुलाला प्रश्न पडेल ते घरी विचारेल, आणि मग घरच्यांनी सांगावं.

रात्रपाळी

थोडा वेळ घेतला, कारण आम्ही पाचही जण यावर बसलो होतो.

हे करणार. गिऱ्हा कोण होता ते आम्ही मोकळंच सोडलं होतं, आणि आता वाटतं की म्हणूनच तो गोंडस करायचा की भयंकर हा वाद संपत नव्हता. माणूस माहीत झाल्यावर रूप ठरलं. उंच, वाकलेला, कारण आयुष्य भुयारात गेलं. डोळे अंधाराला सरावलेले, उजेडात बारीक होणारे. केस लांब आणि सतत ओले. पहिल्या अर्ध्या भागात ही सगळी लक्षणं भीतीची वाटतील. नंतर तीच लक्षणं कळतील. चित्र एका रेघेनंही बदलायचं नाही, बदलायची ती बघणाऱ्याची नजर. गोंडस भुतात हे करायला जागाच नव्हती.

तो बोलणार नाही. जवळजवळ नाहीच. नळ कोरडा पडल्यावर आतून घुरघुर येते तसा आवाज, आणि शेवटी एक शब्द. तो कोणता ते सांगत नाही.

भाषण होऊ देणार नाही. हौदाची चौकट जुनीपेठ काका म्हणतात तशीच. फुलेवाडा विनोदाच्या प्रसंगाला वापरणार नाही.

कागदपत्रं

सेन्सॉर प्रमाणपत्राचं कोणी बोललं नाही म्हणून. २०२४ च्या नव्या नियमांनंतर यूए हा एकच वर्ग राहिलेला नाही. यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन केलेत. तुम्ही यू (सगळ्यांना खुला) साठी अडून बसू नका. यूए ७+ मिळालं तर त्याचा अर्थ सात वर्षांखालच्या मुलांना पालकांनी विचार करून न्यावं. तो पालकांसाठी सल्ला आहे, दारावर कोणी मुलाला अडवत नाही. तुमच्यासारख्या चित्रपटाला तेच प्रामाणिक. लहानग्यांच्या आईबापांना आधीच कळलेलं बरं.

मराठी चित्रपटांच्या राज्य शासनाच्या अनुदानासाठीही अर्ज करा. पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. त्या भरवशावर काम सुरू करू नका.

ध्वनिवेडा

उशिरा आलो, पण माझाच प्रांत राहिलाय.

१९२९ साली डिस्नेच्या स्टुडिओनं सांगाड्यांच्या नाचाचा एक छोटा चित्रपट केला. एक सांगाडा दुसऱ्याची हाडं वाद्यासारखी वाजवतो. भीती आणि गंमत एकत्र असण्याचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही. तिथे संगीत आधी मनात धरून त्याच्या ठोक्यावर चित्रं हलवली होती.

तुमच्याकडे ठोका घरातच आहे. तांबट आळी! मठारकामाचा आवाज नीट ऐकलाय का कधी? भांडं आधारावर धरून ओळीनं ठोके घालत जातात. नवीन पत्र्यावर आवाज बसका येतो, ठोके पडून तांबं कडक होत गेलं की तो चढत जातो. आणि भांड्याची पोकळी बदलली की आवाजाचं घुमणं बदलतं. जुईचे आबा दिवसभर हे करतात. तिला डोळे मिटूनही कळतं की आबांचं काम कुठवर आलंय.

आता रात्र. आबा झोपलेत. जुई गंमत म्हणून घागरीवर तीन ठोके घालते. चौकातल्या बंद हौदातून तीन ठोके परत येतात. पण त्यांची पट्टी खालची, पाण्याखालून आल्यासारखी. ती दोन घालते. थांबते. काहीच नाही. आणि मग हौदातून तीन. म्हणजे आता तो नक्कल करत नाहीये, तो विचारतोय.

यात मोठा आवाज एकही नाही, चिवचिव ताई. तुमचा मुलगा कान झाकणार नाही, उलट पुढे सरकेल.

चिवचिव

वाचतानाच अंगावर काटा आला. आणि हसूही, कारण माझा मुलगा घरी आल्यावर सगळे डबे वाजवत बसणार हे दिसतंय.

फ्रेममोजणी

ध्वनिवेडा म्हणतोय ते प्रसंग आवाज आधी ध्वनिमुद्रित करूनच करावे लागतील. ठोका कोणत्या फ्रेमवर पडतो ते चित्र काढण्याआधी माहीत हवं. पात्रांचे संवादही तसेच, आधी आवाज, मग ओठ. आणि जुईचा आवाज खऱ्या दहा वर्षांच्या मुलीचाच घ्या. मोठ्या बायका बारीक आवाज काढून बोलतात ते मला कधीच पटलेलं नाही. अट एवढीच की लवकर मुद्रण उरका. मुलं वाढतात, आणि तुमचे ९० आठवडे लांबणारच आहेत.

रात्रपाळी

हा प्रसंगच पहिला करायचं ठरवतोय. अख्ख्या चित्रपटाआधी दोन मिनिटं पूर्ण रंगवून, आवाजासकट. पैसे घालणाऱ्या गृहस्थांनाही तेच दाखवू. गोंडस करा म्हणणारा माणूस अंधारात बसून तो तिसरा ठोका ऐकू दे, मग बोलू.

ध्वनिवेडा, येणार का मुद्रणाला? आळीत एका कारागिरांशी बोललोय, ते काम करताना बसू देतील. अट अशी की त्यांचं काम थांबायला नको.

ध्वनिवेडा

येणार म्हणजे काय, माइक घेऊनच येतो. थांबायची गरज नाही, चालू कामाचाच आवाज हवा. सकाळी लवकर जाऊ, रिक्षांचे भोंगे सुरू व्हायच्या आधी. पण हौदाचा आवाज दुकानात मिळणार नाही. त्याला खरी दगडी पोकळी लागेल, आत थोडं पाणी असलेली.

जुनीपेठ

माझ्या बहिणीच्या वाड्यात आड आहे, पाणी आहे. वरची जाळी काढता येते. तिला विचारून ठेवतो. फक्त आत उतरायचं नाही, माइक दोरीनं सोडा.

ध्वनिवेडा

काका, अगदी हेच हवं होतं. घागर आणू की हंडा?

जुनीपेठ

दोन्ही आणा. हंड्याचं तोंड रुंद, आवाज पसरतो. आणि कल्हई केलेलं भांडं नको, कोरं तांबं आणा.